छोटी व्हेप टाकी वारंवार गळते, गुडगुडते किंवा करपट लागते : तपासणी कोणत्या क्रमाने करावी

आधी लक्षणे पाहू. रात्री उभे करून ठेवलेल्या व्हेप यंत्राच्या (ई-सिगारेटच्या) बुडाशी सकाळी चिकट ओल सापडते. झुरका घेताना टाकीतून गुडगुड ऐकू येते आणि मधूनच गरम द्रवाचा थेंब जिभेवर येतो. वाफ दिवसागणिक पातळ होत जाते. कधी याच्या अगदी उलट घडते : टाकी निम्म्याहून अधिक भरलेली असतानाही वाफ करपट लागते आणि घशात ठसका बसतो. काही यंत्रांच्या पडद्यावर कॉइल (द्रव तापवून वाफ करणारी तारेची गुंडाळी) सापडत नसल्याची किंवा शॉर्ट झाल्याची सूचना येते आणि टाकी काढून पुन्हा बसवली की ती नाहीशी होते. या सर्वांत सामायिक गोष्ट अशी की नवी कॉइल घातल्यावर चार-पाच दिवस सारे सुरळीत चालते आणि मग तीच तक्रार परत येते.

साधारण ८ ते १५ वॅटवर चालणारी, मुठीत मावणारी अशी यंत्रे मी स्वतःसाठी आणि ओळखीच्या लोकांसाठी अनेकदा दुरुस्त केली आहेत. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर बंदी आहे, त्यामुळे हे लिखाण जिथे त्यांचा वापर कायदेशीर आहे तिथल्या प्रौढ वापरकर्त्यांसाठी आहे. ज्याने कधी तंबाखू किंवा निकोटिन घेतलेले नाही त्याने हे यंत्र घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण निकोटिनची सवय लागते आणि ती सुटता सुटत नाही.

तपासणीला लागण्यापूर्वी टाकी द्रव धरून कशी ठेवते हे समजून घ्यावे, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावरच उभी आहे. पाण्यात बुडवलेल्या नळीचे वरचे तोंड बोटाने दाबून ती उचलली, तर पाणी नळीतच राहते. बोट काढले की ते खाली पडते. टाकीतही हेच तत्त्व आहे. वरचे झाकण हवाबंद असते, द्रवाच्या वर अडकलेल्या हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो, आणि खाली कॉइलभोवतीची कापसाची वात भिजून बुचासारखे काम करते. झुरक्याच्या वेळी वातीतला द्रव वाफ होऊन जातो, वात टाकीतून नवा द्रव ओढते आणि त्याच्या जागी हवेचा एखादा बुडबुडा वर चढतो. काचेतून दिसणारा हा बुडबुडा टाकी निरोगी असल्याची खूण आहे. वरून कुठूनही हवा शिरू लागली, तर नळीवरचे बोट काढल्यासारखे होते आणि द्रव वातीतून मधल्या नळीत, म्हणजे वाफ जिच्यातून वर येते त्या नळीत, व तिथून हवेच्या भोकांतून बाहेर येतो. उलट, द्रव फार दाट असेल किंवा वात फार घट्ट भरलेली असेल, तर द्रव वेळेवर पोहोचत नाही आणि कोरडा कापूस जळतो. गळणे आणि करपणे हे एकाच तोलाचे दोन बिघाड आहेत, आणि म्हणूनच एकाच यंत्रात दोन्ही तक्रारी आलटून पालटून दिसतात.

पहिली तपासणी : खरी गळती की थंड झालेली वाफ

या तपासणीला एका टिशू पेपरपलीकडे काहीही लागत नाही, आणि नेमकी हीच लोक वगळतात. वाफ अरुंद नळीतून वर येताना थंड होते आणि तिचे थेंब माउथपीसच्या आत व बुडाच्या खोलगट भागात साचतात. लहान यंत्रांची नळी अरुंद असल्यामुळे हे अधिक होते. त्यात बिघाड नाही. दिवसातून एकदा पुसणे एवढाच त्यावरचा उपाय आहे.

टाकी यंत्रापासून वेगळी करावी आणि टाकीचे बूड, यंत्राचा माथा व माउथपीसचे आतले अंग पूर्ण कोरडे पुसावे. हवेची भोके उघडी ठेवून टाकी टिशूच्या पांढऱ्या घडीवर रात्रभर उभी ठेवावी. द्रव बहुधा रंगहीन असल्याने सकाळी डागाचा रंग शोधू नये. कागद उजेडासमोर धरावा. जिथे द्रव लागला असेल तिथे कागद भज्यांच्या कागदासारखा अर्धपारदर्शक होतो. कागद कोरडा असेल, तर ती गळती नव्हे. डाग मधोमध असेल, तर द्रव कॉइलमधून उतरला आहे. डाग कडेने, कंकणासारखा असेल, तर काचेखालची रबरी रिंग संशयित आहे. हवेच्या भोकाखाली एकच ठिपका असेल, तर मधल्या नळीत द्रव साचून तिथून बाहेर पडला आहे. ही नोंद लिहून ठेवावी. पुढचे निम्मे श्रम तिच्यामुळे वाचतात.

दुसरी तपासणी : झुरका घेण्याची पद्धत

कमी वॅटची टाकी आधी तोंडात आणि मग छातीत घेण्याच्या सावकाश झुरक्यासाठी बनवलेली असते. तीन-चार सेकंदांचा हलका झुरका तिला मानवतो. जोराने ओढले की मधल्या नळीतला दाब एकदम घटतो आणि कॉइल जेवढा द्रव उकळू शकेल त्याहून अधिक द्रव वातीतून आत येतो. हवेची भोके जवळजवळ बंद ठेवून जोर लावणे तर सर्वांत वाईट. बटण न दाबता नुसते ओढून पाहण्याची सवय असेल, तर तीही सोडावी, कारण उष्णता नसल्याने ओढलेला सगळा द्रव नळीतच राहतो.

गुडगुड आधीच सुरू झाली असेल, तर टाकी यंत्रापासून काढावी, माउथपीसवर टिशू गुंडाळावा, टाकी उलटी धरून दोन-तीनदा झटकावी आणि मग हवेच्या भोकांवर कापड धरून माउथपीसमधून हलकेच फुंकावे. नंतर आखूड दोन झुरके घ्यावेत. गुडगुड थांबली आणि पुन्हा आली नाही, तर इथेच थांबावे.

तिसरी तपासणी : भरण्याची रीत, ऊन आणि प्रवास

द्रव मधल्या नळीत कधीही पडू देऊ नये. तो कडेच्या भोकातूनच भरावा आणि वर थोडी हवेची जागा ठेवावी. अगदी काठोकाठ भरलेल्या टाकीचे झाकण फिरवताना ते आतल्या हवेला व द्रवाला दाबते, आणि तो दाब वातीतून द्रव खाली ढकलतो. यासाठी भरताना हवेची भोके बंद करावीत, झाकण लावावे, टाकी उलटी करावी आणि उलटी असतानाच भोके उघडावीत. त्या क्षणी कॉइलच्या बाजूला द्रव नसून हवा असते, त्यामुळे अडकलेला दाब हवेच्या रूपाने निघून जातो. या एका सवयीने सुटलेल्या गळत्या मी इतक्या पाहिल्या आहेत की आता कोणी यंत्र दाखवायला आणले, की मी प्रथम त्यालाच माझ्यासमोर टाकी भरायला सांगतो.

उन्हात उभ्या मोटारीत ठेवलेली टाकी गळणारच. २० अंश सेल्सिअसवरून तापमान ५० अंशांवर गेले, की अडकलेली हवा सुमारे १० टक्क्यांनी फुगू पाहते, आणि त्याच वेळी द्रवही पातळ होतो. विमानात कारण वेगळे असले तरी परिणाम तोच असतो. केबिनमधला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका ठेवतात, म्हणजे वरच्या टोकाला समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी. इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही : काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी रिकामी टाकी अधिक गळते, कारण फुगायला तिच्यात हवा जास्त असते. प्रवासापूर्वी टाकी रिकामी करून पुसून घ्यावी. यंत्र हातातल्या सामानातच न्यावे. लिथियम बॅटरीमुळे विमान कंपनीकडे सोपवायच्या सामानात ते ठेवण्यास मनाई असते.

चौथी तपासणी : द्रवाचा दाटपणा

बाटलीवर प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचे प्रमाण छापलेले असते. पहिला घटक पातळ असून तो सुमारे १८८ अंशांवर उकळतो; दुसरा मधासारखा दाट असून त्याला सुमारे २९० अंश लागतात. म्हणजे ७० टक्क्यांहून अधिक ग्लिसरीन असलेला द्रव लहान कॉइलच्या बारीक छिद्रांतून हळू शिरतो आणि त्याची वाफ करायला उष्णताही जास्त लागते. कमी वॅटच्या यंत्राला या दोन्ही गोष्टी जड जातात, आणि टाकी भरलेली असूनही वात कोरडी पडते. अशा टाक्यांना दोन्ही घटक समसमान असलेला द्रव बहुधा मानवतो. याउलट मोठ्या छिद्रांच्या कॉइलमध्ये फार पातळ द्रव घातला, तर तो वातीत थांबतच नाही. द्रव नुकताच बदलला आणि तक्रारही तेव्हाच सुरू झाली असेल, तर दुसरीकडे शोधत बसण्यापूर्वी जुना द्रव घालून पाहावा.

फार गोड द्रवांत बहुधा सुक्रालोज असते. त्याचा काळपट थर कॉइलवर चढतो आणि नवी कॉइल आठवडाभरही टिकत नाही. चार-पाच दिवसांनी तक्रार परत येण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

कोणतेही तेल, मग ते स्वयंपाकाचे असो की सुगंधी, टाकीत कदापि घालू नये. तेलाची वाफ फुप्फुसात जाणे जिवावर बेतू शकते. २०१९ साली अमेरिकेत व्हेप वापरणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या गंभीर आजाराची जी साथ आली, तिचा संबंध गांजातल्या घटकाच्या द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट या तेलकट पदार्थाशी आढळला होता.

पाचवी तपासणी : वॅट, कॉइल आणि बॅटरी यांचा मेळ

कॉइलच्या अंगावर दोन आकडे कोरलेले असतात : ओहममधला रोध आणि तिला चालणारे वॅट. अनेकजण फक्त पहिला वाचतात. ०.४ ओहमची, ४० ते ६० वॅटसाठी बनवलेली कॉइल आटे जुळतात म्हणून १२ वॅटच्या यंत्रावर बसवली, तर तिच्या मोठ्या वातीत द्रव भरपूर येतो, पण तो उकळण्याइतकी उष्णता मिळत नाही. मग टाकी गुडगुडते आणि गळते, आणि वापरणाऱ्याला वाटते की टाकी खराब आहे. टाकीत दोष नसतो, जोडी चुकलेली असते. या यंत्रांना १ ओहमच्या आसपासची किंवा त्याहून अधिक रोधाची कॉइल योग्य ठरते.

ज्या यंत्रांत वॅट ठरवण्याची सोय नसते आणि बॅटरीचा व्होल्ट थेट कॉइलला मिळतो, त्यांच्यात आणखी एक गंमत दिसते. पूर्ण भरलेली बॅटरी ४.२ व्होल्ट देते, वापराच्या मध्यावर ती ३.७ च्या आसपास असते आणि शेवटी ३.३ वर येते. १.२ ओहमच्या कॉइलवर याचा अर्थ अनुक्रमे १४.७, ११.४ आणि ९.१ वॅट असा होतो. म्हणून तक्रार दिवसाच्या कोणत्या वेळी येते हे विचारावे. चार्ज केल्यावर लगेच करपट लागत असेल, तर उष्णता जास्त पडते आहे. बॅटरी संपत आली की गुडगुड सुरू होत असेल, तर उष्णता कमी पडते आहे. पहिल्या बाबतीत थोड्या अधिक रोधाची कॉइल घ्यावी. दुसऱ्या बाबतीत बॅटरी फार उतरेपर्यंत न वापरता आधीच चार्ज करावी. वॅट बदलता येत असतील, तर कॉइलवर छापलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकापासून एकेक वॅट वाढवत जावे आणि चव भरून येताच थांबावे.

सहावी तपासणी : कॉइल

इथे पहिल्यांदा खर्च येतो, म्हणून ही पायरी इतकी खाली आहे. नवी कॉइल घालण्यापूर्वी जुनी बाहेर काढून पाहावी. कापूस फिकट तपकिरी असेल, तर ती वयाने थकली आहे. छिद्रांशी कापूस काळा आणि कडक झाला असेल, तर ती कोरडी जळली आहे; असा कापूस धुऊन परत कामाला येत नाही. कॉइल साधारण एक ते दोन आठवडे चालते, जास्त ओढणाऱ्याकडे त्याहून कमी.

नवी कॉइल कोरडीच पेटवणे हे तिचे आयुष्य पहिल्या झुरक्यातच संपवणे आहे. छिद्रांतून दिसणाऱ्या कापसावर द्रवाचे तीन-चार थेंब टाकावेत, कॉइल बसवावी, टाकी भरावी आणि १० मिनिटे थांबावे. कॉइल हाताने जेवढी घट्ट होईल तेवढीच करावी. पक्कड लावू नये. ती सैल राहिली, तर बुडाच्या रिंगेशेजारून द्रव झिरपतो आणि रोधाचा आकडाही उड्या मारतो. १.२ ओहमची कॉइल पडद्यावर एकदा १.२ आणि एकदा १.६ दाखवत असेल, तर प्रथम तिचे बसणे तपासावे आणि मगच तिला दोष द्यावा.

सातवी तपासणी : रबरी रिंगा आणि काच

नव्या कॉइलनंतरही गळती परत येत असेल, तर ती बहुतेक इथे सापडते. टाकी पूर्ण सुटी करून कोमट पाण्याने धुवावी, कोरडी करावी आणि प्रत्येक रिंग बोटावर चढवून उजेडात फिरवावी. चपटी झालेली, बारीक चिरलेली किंवा एका बाजूला ताणलेली रिंग बदलावी. या टाक्यांसोबत सुट्या रिंगांची पुडी बहुधा येते आणि ती जपून ठेवावी.

एका ओळखीच्या गृहस्थांनी एकाच टाकीत महिनाभरात चार कॉइल बदलल्या होत्या. टिशूवरचा डाग मधोमध होता, म्हणून ते कॉइललाच दोष देत होते. मी वरचे झाकण उघडले, तर भरण्याच्या भोकाच्या रिंगेवर कापसाचा एक धागा आडवा चिकटलेला होता, डोळ्यांच्या अगदी जवळ नेल्याशिवाय न दिसणारा. कॉइल बदलताना वातीतून सुटलेला तो धागा रिंगेखाली दबून हवेला वाट करून देत होता. हवा वरून शिरत होती आणि द्रव खालून उतरत होता. धागा काढला, रिंगेला द्रवाचे एक बोट लावले आणि त्याच जुन्या कॉइलवर टाकी कोरडी राहिली. खालची गळती वरून सुरू होते, ही गोष्ट मला त्या दिवशी पुरती पटली.

काचेला केसासारखी चीर गेली असेल किंवा कडेचा टवका उडाला असेल, तर ती वापरू नये आणि चिकटवूही नये.

आठवी तपासणी : आटे आणि मधली पिन

टाकी व यंत्र ज्या जोडाने जुळतात तो बहुतेक यंत्रांत ५१० नावाने ओळखला जाणारा, ७ मिलिमीटर व्यासाचा आणि अर्ध्या मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा असतो. इतके बारीक आटे तिरके चढवले तर चटकन झिजतात, म्हणून टाकी आधी उलट दिशेला पाव फेरा फिरवावी, आटा जागेवर बसल्याचे बोटाला जाणवले की मगच सुलट फिरवावी. जोडात उतरलेला द्रव वाळून चिकट थर होतो आणि पडद्यावर कॉइल नसल्याची सूचना येते. यंत्र बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने आटे व मधली पिन (जिच्यातून कॉइलला वीज मिळते) पुसावी आणि अर्धा तास वाळू द्यावी. पिन दबून खाली गेली असेल, तर ती टोकदार वस्तूने वर उचकटू नये. पिन आणि भोवतालचा धातू यांच्यामध्ये फक्त एक पातळ इन्सुलेटर असतो. तो फाटला की थेट शॉर्ट होते. माझ्या दृष्टीने घरच्या दुरुस्तीची हद्द इथे संपते.

कुठे थांबावे

बटण न दाबता कॉइल आपोआप तापू लागत असेल, नुसते ठेवलेले असताना गरम होत असेल, चार्जिंगचे तोंड वितळल्यासारखे किंवा काळवंडलेले दिसत असेल, कवच फुगले किंवा चेपले असेल, किंवा आतून गोडसर रासायनिक वास येत असेल, तर पुढे काहीही तपासू नये. चार्जर काढावा, यंत्र पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर फरशीवर ठेवावे आणि ते पुन्हा चार्ज करू नये. त्याची बॅटरी विद्युत कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रातच द्यावी, घरच्या कचऱ्यात नव्हे. आतल्या सर्किटपर्यंत द्रव गेल्याची शंका असेल, तर यंत्र बॅटरीचे काम जाणणाऱ्या तंत्रज्ञाकडे किंवा विक्रेत्याच्या दुरुस्ती विभागाकडे न्यावे. चिकटवून बंद केलेले कवच स्वतः उघडू नये, कारण सुरी लिथियम बॅटरीत शिरली तर आग लागते. बॅटरी सुटी निघत असेल आणि तिचे प्लास्टिकचे आवरण फाटले असेल, तर आवरण बदलून घेतल्याशिवाय ती आत घालू नये.

गळालेल्या द्रवाकडेही तितक्याच गांभीर्याने पाहावे. युरोपीय संघाच्या नियमानुसार टाकी २ मिलिलिटरहून मोठी आणि द्रव दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमहून अधिक निकोटिनचा नसावा. म्हणजे त्या मर्यादेतल्या एका भरलेल्या टाकीतही ४० मिलिग्रॅमपर्यंत निकोटिन असू शकते, आणि लहान मुलासाठी ते अत्यंत धोक्याचे आहे. निकोटिन कातडीतूनही अंगात जाते, म्हणून टाकी सुटी करताना हातमोजे घालावेत, द्रव लागलेला हात लगेच साबणाने धुवावा, आणि भिजलेले टिशू व जुन्या कॉइल मुलांच्या व पाळीव प्राण्यांच्या हाती लागणार नाहीत अशा बंद डब्यात टाकाव्यात. मुलाच्या पोटात द्रव गेल्याची नुसती शंका असली, तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि बाटली सोबत न्यावी. प्रौढाला मळमळ, घाम, धडधड किंवा उलटी सुरू झाली, तर यंत्र बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा न थांबणारा खोकला हा टाकीतला बिघाड नाही. त्यासाठी कॉइल बदलून पाहण्यात एक दिवसही घालवू नये.